नामाकाकांच्या रिक्षातली बाई

अस्मिता सकपाळ एकटी रिक्षात बसली की रिक्षावाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "मॅडम, सोबत कोण आहे?" कोणी नाही म्हटलं की लगेच दुसरा. "मग रस्ता कोण सांगणार?"

"मी," असं म्हणून ती पांढऱ्या काठीची घडी करायची, ओढणी सावरून बसायची, आणि मग त्या माणसाची काही धडगत नसे. "पुढच्या चौकात डावीकडे घ्या. अहो हा नाही, हा तर मेडिकलचा कोपरा, ह्याच्या पुढचा. आता सर्कल येईल, तिथून सरळ. सरळ म्हटलं ना? मग फिरवताय कशाला?" रिक्षावाला आरशात बघायचा. काळा चष्मा, कानात इअरफोनचं एक बोंडुक, आणि जीभ अशी की दहा वर्षं ट्रॅफिकमध्ये ड्युटी केल्यासारखी. एकाने तर रिक्षा बाजूला घेऊन विचारलं होतं, "मॅडम, खरं सांगा, तुम्हाला दिसतं ना?"

करामत सगळी मोबाईलची. दृष्टी नसलेल्यांसाठी एक ॲप असतं. तुमच्या-आमच्या मॅपवरची बाई फक्त वळण आलं की बोलते. ह्या ॲपमधली बाई मात्र चालू झाली की गप्प म्हणून बसत नाही. चौक आला, डावीकडे बँक, उजवीकडे बसथांबा, पुढे पूल, सगळं सांगत सुटते. नवी मुंबईत तर ती पाहिजेच. इथे चार नंबरच्या सेक्टरशेजारी पाच नंबरचा सापडेल याची गॅरंटी नाही, आणि भाड्याने रिक्षा चालवायला आलेली पोरं दर आठवड्याला नवी. डोळस प्रवासी "अरे इकडेच कुठेतरी होतं" करत फिरतात, आणि अस्मिता बरोबर गेटासमोर उतरते. याचा तिला गर्व होता. असायलाच हवा होता. नवव्या वर्षापासून हळूहळू नजर गेलेली मुलगी, माणगावकडच्या खेड्यातून आलेलं घर, आणि आज वाशीला विम्याच्या ऑफिसात टेलिफोनच्या खुर्चीवर बसून ती साहेबांनाही सुनावते. तिने गर्व करायचा नाही तर काय आम्ही करायचा?

पण कौतुक फार वाईट. शिवी दिली तर माणूस सावध होतो, कौतुक केलं की दार उघडं टाकून झोपतो. अस्मिताचं तसंच झालं.

नामा मढवी तिला भेटले ते नेरूळच्या रिक्षास्टँडवर. सारसोळे गावचा माणूस, साठी उलटलेली. बाप खाडीत जाळी टाकायचा, ह्यांनी पोरवयात चिखलात उतरून निवट्या मासळ्या पकडलेल्या, मग शहर आलं आणि हातात रिक्षा आली. त्यांच्या रिक्षात तंबाखूचा आणि सुक्या बोंबलाचा वास असायचा. "सोबत कोण" हे त्यांनी विचारलं नाही. "बस गो पोरी," एवढंच म्हणाले. तेवढ्यावरच अस्मिता विरघळली.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुज्या कानात कोन बोलतंय गो मघापासून?" तिने सांगितलं. "मग आमाला पन ऐकव की. एकटीच ऐकतंस ती?" तिने बोंडुक काढलं आणि आवाज मोठा केला. बाई सांगू लागली, पुढे चौक, डावीकडे शाळा. नामाकाका लहान पोरासारखे हसले. "डोलेवाल्या पॅसेंजरला घरचा पत्ता नीट सांगता येत नाय, आनि ही बघा! पोरी, तू तर माजी मास्तरीन."

रोजचं ठरून गेलं. सकाळी सारसोळ्याची रिक्षा अस्मिताच्या सोसायटीच्या गेटाशी उभी. अस्मिता बसायची, बाई बोलायची, नामाकाका वळायचे. अस्मिता ऑफिसात सांगायची, "आमच्या काकांना आता माझ्याशिवाय रस्ता सुचत नाही!" मंडळी हसायची, तीही हसायची.

मग एक दिवस काका म्हणाले, "माज्या मोबाईलात पन घाल ना गो ती बाई."

"काका, नेरूळच्या गल्ल्या तुम्ही मला शिकवायच्या. तुम्हाला कशाला बाई?"

"वय झालं. रोज नवीन बिल्डिंग उगवते. आनि दिवसभर एकटा असतो मी, बोलायला कोन नको?"

"बरं, साधा मॅप लावून देते. सगळे ड्रायव्हर तोच वापरतात."

"तो नको. त्याच्यावर बघावं लागतं. तुज्यावाली घाल. ती सगलं सांगते."

इथे खरं म्हणजे पाल चुकचुकायला हवी होती. डोळस माणूस, त्यातून इथला भूमिपुत्र, त्याला आंधळ्यांचं ॲप कशाला हवं? दुसऱ्या कोणाला ते चटकन खटकलं असतं. पण अस्मिताला आयुष्यभर डोळसांच्या वस्तू मागून घ्याव्या लागल्या होत्या. पहिल्यांदा एक डोळस माणूस तिची वस्तू मागत होता. तिने हरखून मोबाईल तयार केला, हँडलजवळच्या स्टँडमध्ये स्वतःच्या हाताने बसवला, आणि वर फुशारकी मारली, "आता बघा काका, डोळ्यांची गरजच नाही!" काकांनी नुसतं नाक ओढलं. तेव्हा तिला वाटलं, गहिवरले असतील.

त्यानंतर तिने आणखी एक गोष्ट केली. तिची थोरली बहीण शर्मिला त्याच सोसायटीत राहते. शर्मिलाची मुलगी नमिता दुसरीत. मुलांना जुईनगरच्या शाळेत सोडणारा जुना रिक्षावाला गावी गेला तो आलाच नाही, आयांची धावपळ सुरू झाली. अस्मिता म्हणाली, "अगं ताई, आमचे नामाकाका आहेत ना! देवमाणूस." म्हणजे झालं काय, तर अस्मिताच्या शब्दावर नमिता आणि सोसायटीतली आणखी चार पोरं त्या रिक्षात बसू लागली.

नजर गेली की कान तिखट होतात असं लोक म्हणतात. कान तिखट होत नाहीत, त्यांना काम लावावं लागतं. अस्मिता काकांच्या रिक्षात कान मोकळे सोडून बसायची, कारण तिथे तिला राखण करायची गरज वाटत नव्हती. तरी हळूहळू काही गोष्टी आत येऊ लागल्या. हॉर्न फार वाजायचे, आणि ते काकांवर वाजायचे. सिग्नल सुटायचा, आजूबाजूच्या गाड्या निघायच्या, आणि मग ही रिक्षा निघायची. काकांनी शिव्या देणं सोडून दिलं होतं. रिक्षावाला आणि शिवी नाही? अस्मिताला वाटलं, काकांना माळ-बिळ घ्यायची असेल.

एका दुपारी उन्हाने जीव कासावीस झालेला. काकांनी पाणी मागितलं. तिने बाटली पुढे केली. काकांचा हात आधी तिच्या मनगटाला लागला, मग हवेत फिरला, मग सीटच्या दांड्यावर, आणि तिथून सरकत सरकत बाटलीवर आला.

 तो हात अस्मिताच्या ओळखीचा होता. नजर जात होती त्या वर्षी तिने आईपासून सगळं लपवलं होतं. ताटात भाकरी कुठे आहे हे असंच चाचपून बघायची आणि वर "भूक नाही" म्हणायची. दिसणारा माणूस वस्तूकडे हात नेतो. न दिसणारा वस्तू शोधत नेतो. हे ओळखण्यात तिची चूक होत नसते. तिने स्वतःची समजूत घातली. आरशात बघत असतील, रस्त्यावर लक्ष असेल. त्या दिवशी घरी येईपर्यंत तिने मांडीवरची काठी घट्ट धरून ठेवली होती.

समजूत टिकली ती शनिवारपर्यंत. नमिता तिच्या मांडीत बसून चिक्की खात होती. "मावशी, नामाआजोबांच्या रिक्षात ना आम्ही गेम खेळतो. आजोबा विचारतात, सिग्नल लाल की हिरवा? जो पहिला सांगेल त्याला गोळी. आणि समोर माणूस आला की ओरडायचं. कालच्या तीन गोळ्या मलाच मिळाल्या!"

 अस्मिताच्या हातातला चिक्कीचा तुकडा तसाच चिकटून राहिला. पाच पोरं, जुईनगरपर्यंतचा रस्ता, आणि रिक्षा चालवतंय कोण, तर गोळीसाठी ओरडणारी सात वर्षांची नमिता!

ती तडक शर्मिलाकडे गेली. "ताई, नामाकाकांना दिसत नाही. नमूला त्या रिक्षातून पाठवू नकोस."

शर्मिला कणीक मळत होती. आधी ती हसली. "अस्मे, काहीतरीच काय! म्हातारा माणूस पोरांशी खेळतो, तर तू..."

"मला कळलंय."

"कसं कळलं? तुला दिसतं का?"

बोलून गेली आणि जीभ चावली बिचारीने. वाईट नाही शर्मिला. पण सुटलेला शब्द परत येत नाही. आणि खरी गंमत अशी की बाकीच्या आयांनी तेच विचारलं, फक्त जरा गोड आवाजात. "तुम्हीच तर आणलंत ना त्यांना? काही भांडण झालं का?" आंधळी सांगते की ड्रायव्हर आंधळा! ऐकणाराला हसूच येणार. रविवारभर अस्मिता रडली, रागाने. लोकांचा राग होता, स्वतःचा त्याहून जास्त.

सोमवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर काका न्यायला आले. तिने रिक्षात पाय ठेवला नाही. बाहेर उभी राहूनच विचारलं, "काका, डोळे कधी दाखवलेत?"

"कोन बोललं?" लगेच आलं उत्तर. चोराच्या मनात चांदणं ते असं.

"कोणी नाही. मला कळलं."

 काकांनी इंजिन बंद केलं. "काचबिंदू हाय बोलतात. बाजूचं गेलं सगलं. सरल थोडं दिसतं, नलीतून बघावं तसं. गेलं ते परत येत नाय, बोलला डॉक्टर."

"मग रिक्षा सोडा. आजच्या आज सोडा. पोरं असतात आत!"

"सोडू? आनि?" त्यांचा आवाज चढला नाही. "तू आंधली, तुला हापिसात खुर्ची मिलाली. आंधल्या रिक्षावाल्याला कोन खुर्ची देतो? घरात बसवतील कोपऱ्यात, आनि तिथं भाकर आनून देतील. तूच बोललीस ना गो, डोल्यांची गरज नाय?"

अस्मिताने काठी जमिनीवर आपटली. 

मग काका पुढे वाकले असावेत, कारण आवाज जवळून आला, आणि फार मायेने आला. "कोनाला सांगू नको पोरी. आनि सांगितलंस, तरी तुजं कोन ऐकनार?"

धमकी असती तर ती भांडली असती. ही धमकी नव्हती. खरंच होतं ते, आणि दोघांनाही ठाऊक होतं.  ती दुसऱ्या रिक्षाने घरी गेली. त्या रिक्षावाल्याने विचारलं, "रस्ता कोण सांगणार?" तिने बोंडुक कानात घातलंच नाही. "तुम्हीच बघा," म्हणाली.

सकाळी ती शाळेच्या वेळेला गेटाशी उभी राहिली. पोरं रिक्षात चढली होती, डबे वाजत होते, चार-पाच आया उभ्या होत्या. आतून बाईचा आवाज येत होता: पुढे रस्ता, डावीकडे गेट. अस्मिता आवाजाच्या रोखाने गेली, हँडलपाशी हात घातला आणि स्टँडमधून मोबाईल काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. पर्समधली बाई दोन शब्द बोलली आणि अस्मिताने तिला बंद केलं.

"काका, आता न्या पोरांना," ती मोठ्याने म्हणाली.

काका हलले नाहीत. इंजिन चालू, रिक्षा जागच्या जागी थरथरत उभी. "मोबाईल दे," ते हळूच म्हणाले.

"कशाला? रस्ता रोजचाच आहे ना?"

"अस्मे, तमाशा करू नकोस!" शर्मिला. "शाळेला उशीर होतोय."

"होऊ दे उशीर. नमू, उतर खाली. सगळे उतरा. मी बसते. काका मला चौकापर्यंत नेऊन परत आणतील, मग पोरांना न्या. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

काका नाही म्हणू शकत होते. पोट दुखतंय म्हटलं असतं, गाडी बिघडलीय म्हटलं असतं. पण आया बघत होत्या, आणि झाकली मूठ उघडायला माणूस सहजी तयार होत नाही. चाळीस वर्षं ज्या गल्ल्यांत हात बसलेला, तिथे ही कालची पोरगी आपल्याला परीक्षेला बसवतेय! "बस," ते म्हणाले. आवाज करडा होता.

नमिता उतरताना कुरकुरली, "मावशी, माझी गोळी..." अस्मिताने तिला हाताने मागे ढकललं आणि आत बसली.  पोरांना वाचवायला निघालेली बाई जिवावर उदार वगैरे असते असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही नव्हतं. तिला उतरून पळावंसं वाटत होतं.

रिक्षा निघाली. आणि नीट निघाली, हो! पहिलं वळण काकांनी असं मारलं की अस्मिताला क्षणभर वाटलं, आपणच खोट्या ठरलो. गतिरोधकाच्या आधी वेग कमी झाला, नंतर वाढला. "बघ," काका म्हणाले. "माजा गाव हाय ह्यो. माज्या हातात हाय." आवाजात आनंद होता. तिला त्यांची कीव आली आणि भीती दुप्पट झाली, कारण वेग वाढतच होता. शेजारून कोणीतरी जोरात हॉर्न वाजवत गेलं. काकांनी तो ऐकलाच नाही.

चौकाच्या अलीकडे बाजाराच्या रस्त्याला डावीकडे वळायचं. वळता वळता अस्मिताला ओल्या मातीचा वास आला. बाजारात माती कुठून? लगेच पुढून पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज आणि कोणीतरी हिंदीत ओरडलेलं, ए, ए, ए!

"काका, थांबा! थांबा!"

"रस्ता हाय गो. रोजचा रस्ता हाय माजा..."

पुढचं चाक हवेत गेलं. पत्रा फाटल्यासारखा मोठा आवाज झाला, अस्मिता लोखंडी दांड्यावर तोंडघशी आदळली, आणि रिक्षा नाक खाली करून तिरकी अडकून राहिली. तोंडात रक्ताची चव. मागचं चाक कुठेतरी नुसतंच फिरत होतं.

पाइप टाकायला आदल्या संध्याकाळी कोपरा खणला होता. पत्रे लावले होते, लाल फीत लावली होती, दिवा होता. ते सगळं डाव्या हाताला होतं, आणि काकांची डावी बाजू कधीच अंधारात गेली होती. बाईला तरी ते कुठून कळणार होतं? मोबाईल चालू असता तरी तिने एवढंच सांगितलं असतं, डावीकडे वळा. खड्ड्यात काम करणारा मजूर चहा प्यायला वर आला होता म्हणून वाचला. त्याचं घमेलं चाकाखाली चेपलं होतं, आणि तो चहाचा ग्लास हातात धरून नुसता खड्ड्याकडे बघत होता, असं मागाहून शर्मिलाने सांगितलं.

माणसं धावली. कोणीतरी अस्मिताला बाहेर ओढलं. काकांनाही ओढलं असावं, कारण त्यांचा श्वास तिला बाजूलाच ऐकू येत होता. गर्दी वाढली तसा आवाज वाढला. "एवढे पत्रे लावलेत!" "दारू पिऊन चालवतात साले." आणि मग एक माणूस तारस्वरात म्हणाला, "ए म्हाताऱ्या, आंधळा आहेस काय रे?"

हे काही कोणी मनावर घेत नाही. रस्त्यावर दिवसातून शंभरदा कोणी ना कोणी म्हणतं.

"हाय," नामाकाका म्हणाले.

 विचारणाराने "म्हणजे?" एवढंच म्हटलं, आणि त्यालाही उत्तर नको होतं. मागून शर्मिला धापा टाकत आली होती. तिने ते ऐकलं, नमिताला पोटाशी घट्ट धरलं, आणि भर रस्त्यात हुंदके देऊ लागली. आतापर्यंत मोठ्या आवाजात बोलणारी माणसं एकेक पाऊल मागे सरली. काकांच्या भोवती मोकळी जागा झाली, आणि त्या जागेत ते दोन्ही हात थोडे पुढे धरून उभे राहिले. कुठल्या बाजूला जायचं ते त्यांना कळत नव्हतं, आणि आता कळत असल्याचं सोंग करायचंही कारण उरलं नव्हतं.

अस्मिताने ओठाचं रक्त ओढणीने पुसलं. तिची काठी सीटखाली अडकली होती, ती कोणीतरी काढून हातात दिली. तिने झटका देऊन ती उघडली आणि काकांच्या श्वासाच्या दिशेने गेली.

"माझं कोपर धरा," ती म्हणाली. "दंड नाही, हात नाही, कोपर. आणि माझ्या अर्धं पाऊल मागे राहा."

त्यांचा हात चाचपडत आला.  "पोरी, सारसोल्यातला कोनीतरी बघल गो," ते पुटपुटले.

"बघू दे," अस्मिता ओरडलीच त्यांच्यावर. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि रडूही आवरत नव्हतं. मग तिने काठी पुढे टेकवली आणि त्यांना घेऊन चालू लागली.